हायड्रोजन थळच्या कारखान्याला द्या, गाडीत सरळ वीज भरा

पेट्रोल दोन रुपयांनी वाढलं की पाण्यावर चालणाऱ्या गाडीचा व्हिडिओ फिरायला लागतो, आणि आता त्याच्या जोडीला हायड्रोजनचाही असतो. ३० मार्च २०२२ ला नितीन गडकरी टोयोटाच्या मिराई ह्या हायड्रोजनवरच्या गाडीतून संसदेत गेले, धुराऐवजी पाणी सोडणारी ती गाडी सगळ्यांनी टीव्हीवर बघितली, आणि तेव्हापासून सोसायटीच्या मीटिंगमध्ये, ऑफिसात, लग्नाच्या पंगतीत एक वाक्य सारखं कानावर येतं, "ईव्ही कशाला घेताय, थोडं थांबा, हायड्रोजन येतोय." हे ऐकून माणसं खरंच थांबतात हो. जुनी पेट्रोल गाडी अजून चार वर्षं ओढतात, पार्किंगमध्ये चार्जिंग पॉइंट घ्यायचा विषय पुढच्या मीटिंगवर ढकलला जातो, आणि सरकारी पातळीवरही तेच होतं, फक्त तिथे ढकलाढकली कोटींमध्ये असते.

माझं मत आधीच सांगून टाकतो. हायड्रोजन आपल्याला लागणारच आहे आणि भरपूर लागणार आहे, पण तो खताच्या कारखान्यात, रिफायनरीत, पोलादाच्या भट्टीत. घरच्या कारमध्ये, स्कूटरमध्ये, शहरातल्या बसमध्ये त्याचं काहीही काम नाही, आणि तिथे तो घालायला जनतेचा पैसा वापरू नये.

आता मुळापासून बघू. पाण्यात हायड्रोजन आहे हे शाळेत सगळेच शिकतो आणि तिथूनच पाण्यावरच्या गाडीची कल्पना निघते, पण पाणी म्हणजे हायड्रोजन जळून झाल्यावर उरलेली राख आहे, राखेतून परत लाकूड करायचं तर जळताना जेवढी उष्णता निघाली तेवढी, किंबहुना त्याहून जास्त, परत घालावी लागते. हायड्रोजन जमिनीतून कोळशासारखा खणून काढता येत नाही (काही ठिकाणी नैसर्गिक साठे सापडल्याच्या बातम्या येतात, पण त्यावर आज कोणाची गाडी चालत नाही). तो एकतर नैसर्गिक वायूपासून काढायचा, नाहीतर वीज लावून पाणी फोडायचं. आज जगात बहुतेक सगळा हायड्रोजन वायू नाहीतर कोळशापासूनच बनतो आणि वायूपासून एक किलो काढताना साधारण ९ ते १० किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. पाणी फोडून काढलेला, सोलर नाहीतर पवनचक्कीच्या विजेवर केलेला, तो ग्रीन. म्हणजे ग्रीन हायड्रोजनची गाडी ही शेवटी विजेचीच गाडी आहे, फक्त वीज आधी वायूत घालायची, वायू दाबायचा, वाहून न्यायचा, टाकीत भरायचा आणि गाडीतल्या फ्युएल सेलमध्ये त्याची परत वीज करायची. एवढं करून चाक फिरवते ती इलेक्ट्रिक मोटरच.

ह्या फेऱ्यात किती वीज जाते ते कागदावर मांडून बघा, गणित अवघड नाही. एक किलो हायड्रोजनमध्ये वापरता येण्यासारखी ऊर्जा ३३ युनिट. तो पाण्यातून काढायला लागतात ५०-५५ युनिट. मग ७०० बारपर्यंत, म्हणजे साध्या हवेच्या सातशे पट दाबापर्यंत, दाबायला आणि थंड करायला अजून चार-पाच, म्हणजे धरा ६०. मिराईसारखी गाडी एका किलोत साधारण १०० किलोमीटर जाते. तेवढंच अंतर तेवढ्याच आकाराच्या बॅटरीच्या गाडीला लागतात १६-१७ युनिट, चार्जिंगमधली गळती धरून. म्हणजे त्याच विजेत एक हायड्रोजन गाडी नाहीतर साडेतीन बॅटरीवाल्या गाड्या. हा फरक उद्या कोणीतरी भारी शोध लावून मिटवेल असं बऱ्याच जणांना वाटतं, पण पाणी फोडायला लागणाऱ्या ऊर्जेची एक खालची मर्यादा निसर्गानेच घालून दिलेली आहे, इलेक्ट्रोलायझर, म्हणजे पाणी फोडणारं यंत्र, कितीही सुधारला तरी चाळीस युनिटच्या फारसं खाली जाता येत नाही, आणि पुढे फ्युएल सेलमध्ये निम्मी-अर्धी उष्णता होऊन जातेच.

कोणी म्हणेल की आपल्याकडची वीज तरी कुठे स्वच्छ आहे, चंद्रपूर आणि कोराडीला कोळसाच जळतोय. बरोबर आहे, म्हणून तेही धरून बघू. भारतातल्या ग्रिडच्या एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. बॅटरीची गाडी १०० किलोमीटरला १७ युनिट खाते म्हणजे १२ किलो. पंधराचं ॲव्हरेज देणारी पेट्रोल गाडी पावणेसात लिटर जाळते, लिटरमागे २.३ किलो, म्हणजे नुसत्या सायलेन्सरमधून १५ किलो, तेल काढण्या-शुद्ध करण्याचं वेगळंच. आणि ह्याच ग्रिडच्या विजेवर हायड्रोजन बनवला तर? ६० गुणिले ०.७, ४२ किलो. पेट्रोलच्या जवळपास तिप्पट! कोळशाच्या विजेवर बॅटरीची गाडी निदान थोडी तरी पुढे असते आणि जसजशी सोलर वाढेल तसतशी तीच गाडी आपोआप स्वच्छ होत जाते, हायड्रोजनला मात्र पहिल्या दिवसापासून शंभर टक्के हिरवी वीज लागते. आणि हिरवी वीज हातात असेल तर ती साडेतीन गाड्यांना द्यायची की एका, हा प्रश्न उरतोच.

"पण पाच मिनिटांत टाकी फुल होते" हा हायड्रोजनवाल्यांचा सगळ्यात आवडता मुद्दा. तो पंप जवळून कसा असतो ते बघायला हवं. आपल्याकडे रिक्षावाल्याला सीएनजीचा सिलिंडर माहिती आहे, २०० बारचा, दर तीन वर्षांनी त्याची हायड्रो टेस्ट करायची. मिराईची टाकी ७०० बारची. एवढ्या दाबाने वायू भरताना टाकी तापते, म्हणून पंपावर तो आधीच उणे ४० अंशांपर्यंत थंड करून ठेवावा लागतो, त्यासाठी तिथे मोठे कॉम्प्रेसर आणि चिलर चोवीस तास लागतात. नोझल इतका गार होतो की दमट हवेत त्याच्यावर बर्फ धरून तो गाडीलाच चिकटून बसतो, कॅलिफोर्नियातल्या मिराईवाल्यांची ही नेहमीची तक्रार. एकामागोमाग गाड्या आल्या की दाब परत तयार होईपर्यंत मागच्याला थांबावं लागतं. आणि पंपापर्यंत हायड्रोजन आणायचा कसा? तो इतका हलका आहे की एका किलोला साध्या दाबात ११ हजार लिटरहून जास्त जागा लागते, त्यामुळे सिलिंडरांची अख्खी ट्रॉली आणली तरी त्यात काही शे किलोच बसतो. द्रवरूप करायचा तर उणे २५३ अंश, आणि त्यात अजून १०-१२ युनिट किलोमागे. स्फोटाची भीती मला तेवढी वाटत नाही, टाक्या फार मजबूत असतात आणि गळाला तर तो झटकन वर उडून जातो, पण हे सगळं यंत्र कोकणातल्या पावसाळी हवेत नाहीतर जालन्याच्या मे महिन्यात रोजच्या रोज चालू ठेवायचं म्हटलं तर त्याचा खर्च तिकिटातच येणार ना.

दुसऱ्यांनी हे करून पाहिलेलं आहे. कॅलिफोर्नियाने सरकारी पैशाने पंप उभे केले, टोयोटाने गाडीबरोबर फुकट इंधनाची कार्डं दिली, तरी दर वाढत वाढत ३६ डॉलर किलोपर्यंत गेला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये शेलने तिथले कारसाठीचे आपले सगळे हायड्रोजन पंप बंद केले. जर्मनीत लोअर सॅक्सनी राज्यात २०२२ मध्ये हायड्रोजनच्या १४ रेल्वेगाड्या मोठ्या कौतुकाने आल्या, पुढच्याच वर्षी त्याच राज्याच्या रेल्वे कंपनीने हिशेब करून ठरवलं की उरलेल्या डिझेल गाड्यांच्या जागी बॅटरीच्या घ्यायच्या, चालवायला स्वस्त पडतात. युरोपातल्या स्टेलांटिस ह्या कार कंपनीने जुलै २०२५ मध्ये हायड्रोजन गाड्यांचा कार्यक्रमच थांबवला. २०२४ मध्ये जगात प्लग लावून चार्ज होणाऱ्या गाड्या विकल्या गेल्या १ कोटी ७० लाखांच्या वर, आणि हायड्रोजनच्या साधारण १३ हजार. जपानसारखा देश, तिथलं सरकार आणि टोयोटा दहा वर्षं मागे लागूनही हे असं आहे, त्यामुळे "अजून वेळ द्या" म्हणणाऱ्यांनी किती वेळ ते तरी सांगावं.

मग हायड्रोजन कुठे लागतो? अलिबागजवळ थळला आरसीएफचा खत कारखाना आहे, तिथे नैसर्गिक वायूतून हायड्रोजन काढून त्याचा अमोनिया आणि अमोनियाचा युरिया होतो. आपण शेतात टाकतो त्या प्रत्येक युरियाच्या गोणीत हा हायड्रोजन आहे. माहुलच्या रिफायनऱ्यांमध्ये पेट्रोल-डिझेलमधलं गंधक काढायला तो लागतो. देशात आत्ताच वर्षाला ५०-६० लाख टन हायड्रोजन वापरला जातोय, जवळपास सगळा असा, आणि जवळपास सगळा वायूपासून केलेला, त्यातला मोठा भाग बाहेरून आणलेला एलएनजी, म्हणजे द्रवरूप करून जहाजाने येणारा वायू. ह्या ठिकाणी बॅटरी काही कामाची नाही, अमोनिया करायला हायड्रोजनच पाहिजे, त्याला दुसरा मार्गच नाही. शिवाय तिथे पंप नको, ७०० बार नको, ट्रॉल्या नकोत, कारखान्याच्या कुंपणाच्या आत बनवायचा आणि आतच वापरायचा. केंद्राने ४ जानेवारी २०२३ ला नॅशनल ग्रीन हायड्रोजन मिशन मंजूर केलं, १९,७४४ कोटींचं, २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टनाचं उद्दिष्ट. पानिपत रिफायनरीच्या टेंडरमध्ये २०२५ साली दर आला किलोला जवळपास ४०० रुपये. हा सगळा माल आधीच्या मळक्या हायड्रोजनच्या जागी गेला तर प्रत्येक किलोमागे ९-१० किलो कार्बन वाचतो, परकीय चलन वाचतं. एवढं गिऱ्हाईक दारात उभं असताना आपण त्याला सोडून कारसाठी नवीन गिऱ्हाईक का शोधतोय, हे मला खरंच कळत नाही.

दुपारची जास्तीची सोलर वीज वाया जाते तिचा हायड्रोजन करा, असंही एक म्हणणं असतं. करा की. पण इलेक्ट्रोलायझर हे महागडं यंत्र आहे, दिवसातून चार तास चालवलं तर किलोमागचा खर्च वाढतो, आणि त्यातून निघालेला हायड्रोजन तरीही थळलाच जाऊ दे. दुपारी डेपोत उभ्या असलेल्या बसला तीच वीज लावली तर ती सरळ चाकात जाते.

आता इथेनॉल. इथे महाराष्ट्राचा जीव अडकलाय त्यामुळे सावकाश बोलतो. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉलचं लक्ष्य आधी २०३० चं होतं, ते अलीकडे आणून २०२५ मध्येच गाठलं. त्याने कारखान्यांच्या हातात पैसा आला, उसाची थकीत बिलं मिळायला मदत झाली, तेलाची आयात थोडी कमी झाली, हे सगळं खरं आहे आणि ते नाकारणारा माणूस साखर पट्ट्यात राहिलेला नसावा. ॲव्हरेज कमी झाल्याची ओरड २०२५ च्या ऑगस्टमध्ये केवढी झाली आठवत असेल, तर लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोनतृतीयांशच ऊर्जा असते, नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच लिहिलं होतं की जुन्या पद्धतीच्या चारचाकीला ६ ते ७ टक्के फटका बसेल. लोकांना हे आधी सांगायला पाहिजे होतं, आणि जुन्या गाडीवाल्यासाठी पंपावर साध्या पेट्रोलचा पर्याय ठेवायला पाहिजे होता, फसवल्यासारखं वाटतं ते त्यामुळे. पण माझा खरा आक्षेप ॲव्हरेजचा नाहीये, पाण्याचा आहे.

त्याच अहवालात आकडा आहे, उसापासून एक लिटर इथेनॉल म्हणजे सुमारे २,८६० लिटर पाणी. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं होतं, जलदूत, पहिल्या गाडीत दहा वाघिणी, पाच लाख लिटर. लातूरकर बायाबापड्या रात्र रात्र घागरी घेऊन रांगेत होत्या त्या दिवसांतलं हे. त्या पाच लाख लिटरला २,८६० ने भागा. पावणेदोनशे लिटर इथेनॉल. चार-पाच मोठ्या गाड्यांच्या टाक्या भरतील एवढंच! आणि आपण त्याच मराठवाड्यात उसाचं क्षेत्र वाढावं अशी योजना इंधनाच्या नावाने चालवतोय. पाऊस कमी झाला की काय होतं तेही दिसलंय, ७ डिसेंबर २०२३ ला केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करायला एकदम बंदी घातली, साखर कमी पडेल म्हणून, कर्ज काढून डिस्टिलरी उभारलेले कारखाने अडकले. मग मक्यावर भर आला, मका महागला, कोंबडीवाले ओरडायला लागले. जे इंधन ताटातल्या भाकरीशी आणि कोंबडीच्या खाद्याशी भांडून मिळतं ते थोड्या प्रमाणात ठीक आहे, त्याच्यावर देशाची सगळी वाहतूक टाकता येणार नाही.

एक एकर जमिनीचं गणित करून बघा, मला हे गणित कळलं तेव्हापासून डोक्यातून जात नाही. एकरी ३५ टन ऊस धरा, टनाला ७० लिटर इथेनॉल, झालं साधारण २,४५० लिटर, कारला लिटरला १० किलोमीटर धरले तर वर्षाला २४-२५ हजार किलोमीटर. त्याच एकरात सोलर पॅनल टाकले, एका मेगावॅटला पाच एकर धरून, तर वर्षाला तीन लाख युनिट, युनिटला सहा किलोमीटर, म्हणजे १८ लाख किलोमीटर. सत्तर पट, आणि पाणी फक्त पॅनल धुवायला. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत आज हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडं मिळतं, पडीक माळरानाला. सगळ्यांनी ऊस मोडून पॅनल लावा असं मी अजिबात म्हणत नाही, ऊसवाल्याचं पोट त्यावर आहे आणि कारखान्याभोवती अख्खं गाव उभं असतं, माझं म्हणणं एवढंच की २० टक्क्यांवर थांबा, पुढचं २७ आणि ३० टक्के आणि फ्लेक्स-फ्युएल गाड्या (कितीही इथेनॉल चालणाऱ्या) हा मार्ग दुष्काळी राज्याला परवडणारा नाही. मळीपासून, पाचटापासून, पेंढ्यापासून होईल तेवढं करा, ते वाया जाणाऱ्या मालातून होतं.

सीएनजीबद्दल थोडक्यात, कारण त्याचं काम झालेलं आहे आणि चांगलं झालेलं आहे. पुण्या-मुंबईच्या रिक्षा आणि बस सीएनजीवर गेल्या म्हणून काळा धूर कमी झाला. ५ जुलै २०२४ ला बजाजने पुण्यात सीएनजीवरची मोटरसायकलही आणली, फ्रीडम १२५, दोन किलोचा सिलिंडर सीटखाली, खर्चाला खरंच हलकी. पण देशाला लागणाऱ्या वायूपैकी जवळपास निम्मा बाहेरून येतो, आणि पंपावरची रांग तर सगळ्यांनी बघितलेली आहे, "प्रेशर नाही" म्हणून दीड-दोन तास रिक्षात बसून राहिलेला माणूस त्या वेळात चार भाडी सोडतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये ट्रॉम्बेला एका पाइपलाइनला इजा झाली तर अर्धी मुंबई पंपाबाहेर उभी होती. ह्यात जपण्यासारखी गोष्ट आहे ती बायोगॅस. इंदूरने फेब्रुवारी २०२२ पासून ५५० टन ओल्या कचऱ्याचा प्लांट चालवला, दिवसाला १७ हजार किलो वायूची क्षमता, शहराच्या बस त्यावर पळतात. आपल्या साखर कारखान्यांच्या प्रेसमडमध्ये, म्हणजे उसाचा रस गाळून उरलेल्या गाळात, हेच करता येतं. त्यातून सगळी वाहतूक चालणार नाही, पण कचरा कुठेतरी घालवायचाच आहे.

राहिली बॅटरी, आणि तिच्या अडचणी मला माहीत नाहीत असं नाही. लिथियमच्या सेलसाठी आपण चीनवर अवलंबून आहोत. एप्रिल २०२५ मध्ये चीनने मॅग्नेटसाठी लागणाऱ्या दुर्मिळ धातूंची निर्यात आवळली तेव्हा चाकण-आकुर्डीच्या असेंब्ली लाइनना झळ बसलीच. हायड्रोजनवाले हा मुद्दा नेहमी पुढे करतात, पण हायड्रोजनच्या गाडीतही तीच मोटर असते, तेच मॅग्नेट असतात, छोटी का होईना लिथियम किंवा तत्सम बॅटरीही असते, वर फ्युएल सेलसाठी प्लॅटिनम लागतं आणि तेही आपल्याकडे नाही, त्यामुळे ह्या बाबतीत तिला काही सूट मिळत नाही. सोडियमच्या बॅटरीवर काम चालू आहे, पुण्याच्या केपीआयटी कंपनीनेच डिसेंबर २०२३ मध्ये आपलं तंत्र जाहीर केलं, मिठातलं सोडियम आपल्याकडे मुबलक. जुन्या शहरांतल्या वाड्यांत आणि चाळींत चार्जर कुठे लावणार हा प्रश्न मला सगळ्यात खरा वाटतो, ज्याला पार्किंगच नाही त्याला "घरी चार्ज करा" सांगणं म्हणजे त्याची थट्टाच आहे, पण ह्याचा उपाय रस्त्यावरचे चार्जर आणि बॅटरी स्वॅपिंग हा आहे, ज्या शहरात एकही हायड्रोजन पंप नाही तिथे त्याची वाट बघणं हा नाही.

आणि हे काही स्वप्न राहिलेलं नाही. देशात विकल्या जाणाऱ्या तीनचाकींत निम्म्याहून जास्त आज इलेक्ट्रिक आहेत, उत्तरेतल्या ई-रिक्षांचा त्यात मोठा वाटा आहे पण आकडा आकडा आहे, आणि तो कोणा हौशी श्रीमंताने वाढवलेला नाही, रोजच्या कमाईचा हिशेब बोटावर करणाऱ्या माणसाने वाढवलाय. पुण्यात पीएमपीच्या ई-बस २०१९ पासून पळताहेत. १ जून १९४८ ला एसटीची पहिली गाडी पुणे-नगर मार्गावर धावली आणि १ जून २०२२ ला त्याच मार्गावर शिवाई ही विजेची बस सुरू झाली, मी तिच्यातून नगरला गेलोय, गाडीत इंजिनाची धडधड नाही, शेजारच्या आजी फोनवर बोलत होत्या ते मागच्या सीटवर ऐकू येत होतं. बारा मीटरची अशी बस किलोमीटरला १.३ युनिट खाते. शंभर किलोमीटरला १३० युनिट, आठ रुपयांनी हजार-अकराशे रुपये. डिझेलला चारचं ॲव्हरेज आणि ९० चा भाव धरला तर सव्वादोन हजार. हायड्रोजनच्या बसला लागतो आठ किलो, पानिपतच्या ४०० रुपयांच्या दरानेही ३,२०० आणि त्यात दाबायचा, आणायचा खर्च अजून धरलेलाच नाही. ज्या एसटीकडे पगार वेळेवर करायला पैसा नसतो तिला ह्यातलं काय परवडेल ते सांगायला तज्ज्ञ नको.

म्हणून मला महाराष्ट्राच्या २०२३ च्या ग्रीन हायड्रोजन धोरणातलं एक कलम खटकतं. धोरण ८,५६२ कोटींचं, बहुतांश उद्योगांसाठी आहे आणि ते योग्यच आहे. पण त्यात पहिल्या ५०० हायड्रोजन प्रवासी वाहनांना ३० टक्के अनुदान आहे, गाडीमागे जास्तीत जास्त ६० लाख रुपये, आणि पहिल्या २० पंपांना प्रत्येकी साडेचार कोटींपर्यंत. सगळं वापरलं गेलं तर गाड्यांचे ३०० कोटी आणि पंपांचे ९०. दीड कोटीची ई-बस धरली तर ह्या ३९० कोटीत अडीचशेवर बस येतात, पूर्ण किमतीला, नुसतं अनुदान नाही. नाहीतर तालुक्याच्या डेपोंना हाय टेन्शन कनेक्शन आणि ट्रान्सफॉर्मर द्या, कारण ५,१५० ई-बसचा करार होऊनही एसटीला त्या ठरल्या वेळेत मिळालेल्या नाहीत आणि येतील तेव्हा त्यांना लावायला प्लग तरी असावा.

एका ठिकाणी मी हायड्रोजनला दार उघडं ठेवीन, लांब पल्ल्याचा जड ट्रक. चाळीस टनाचा माल घेऊन हजार किलोमीटर न थांबता जायचं तर बॅटरीचं वजन आणि चार्जिंगचा वेळ दोन्ही आडवे येतात, हे खरं. तिथेही बॅटरी वेगाने पुढे येतेय, न्हावा-शेवाला बंदरात इलेक्ट्रिक हेवी ट्रक आणि बॅटरी बदलायची स्टेशनं सुरू झालीत, चाकणला असे ट्रक बनताहेत, चीनमध्ये तर २०२५ मध्ये त्यांची विक्री झपाट्याने वाढली, आणि ड्रायव्हर हजार किलोमीटर न थांबता जावा अशी अपेक्षा मुळातच चुकीची आहे, त्याने चार तासांनी उतरून जेवायला पाहिजे, तेवढ्यात चार्जिंग होतं. तरी प्रयोग करायला माझी हरकत नाही. केंद्राने २०२५ च्या सुरुवातीला पाच पायलट प्रकल्प मंजूर केले, २०८ कोटींचे, ३७ बस आणि ट्रक, नऊ पंप, त्यात पुणे-मुंबई मार्गही आहे. त्या ३७ मधल्या २२ गाड्यांमध्ये फ्युएल सेलसुद्धा नाही, इंजिनातच हायड्रोजन जाळायचा, ज्यात वीज अजून वाया जाते आणि नायट्रोजन ऑक्साइडही थोडे निघतातच. टाटांच्या १६ ट्रकांची चाचणी ४ मार्च २०२५ ला सुरू झाली, दोन वर्षांची.

तर ती संपेल २०२७ च्या मार्चमध्ये. तेव्हा झेंडे दाखवलेले फोटो नकोत, तीन आकडे जाहीर करा: ट्रकने दर शंभर किलोमीटरला किती किलो हायड्रोजन खाल्ला, तो कुठल्या विजेवर नाहीतर कुठल्या वायूपासून बनला, आणि पंपावर पोचेपर्यंत किलोला एकूण किती रुपये पडले, अनुदान न धरता. पैसा आपला आहे, आकडे मागायचा हक्क आपला आहे. खंबाटकी आणि बोरघाटात तोच माल घेऊन चढलेल्या बॅटरीच्या ट्रकाचे आकडे शेजारी ठेवा. हायड्रोजन तिथे जिंकला तर लांब पल्ल्याच्या ट्रकांना जरूर द्या, मी स्वतः त्याच्या बाजूने लिहीन. आणि हरला तर ते ५०० गाड्यांचं कलम धोरणातून काढून तो पैसा डेपोंच्या ट्रान्सफॉर्मरला द्या. तोपर्यंत सोसायटीत कोणी चार्जिंग पॉइंटचा अर्ज घेऊन आला तर त्याला हायड्रोजनचं नाव सांगून परत पाठवू नका.